ताडपत्रीखालचा बेडूक

नोकरीत हाताखालून ढिगाने फाइली गेल्या आणि बहुतेक विसरलो. ही एक मात्र डोक्यातून जात नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, गुडघे कुरकुरतात, घरात चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही. पण कुठे टू-स्ट्रोक इंजिनाची फटफट ऐकू आली की वेरिबीची ती केस जशीच्या तशी समोर उभी राहते. नावं कुणाचीच सांगणार नाही. त्यातली माणसं अजून इथेच आहेत, आपापल्या संसारात आहेत.

मी मूळचा चिंचवडचा. कारखान्यात सुपरवायझर होतो. ऑस्ट्रेलियात आलो, इथलाही कारखाना बंद पडला आणि केस पिकायला लागल्यावर पोलिसात भरती झालो. आई फोनवर म्हणाली होती, "एवढा समुद्र ओलांडून शेवटी हवालदारच झालास होय रे?" पुढे डिटेक्टिव्ह झालो तेव्हाही तिचं मत फारसं बदललं नाही.

ही गोष्ट आपल्याकडून विद्यार्थ्यांचे लोंढे येत होते त्या काळातली, मी अजून वर्दीत होतो तेव्हाची. स्वयंपाकाचा कोर्स, केस कापायचा कोर्स, गाड्या दुरुस्तीचा कोर्स, काय वाट्टेल ते. वेरिबी हे आमच्या हद्दीतलं उपनगर, तिथे एकेका घरात गाद्या टाकून पोरं राहायची. दिवसा कॉलेज, मग शिफ्ट, मग झोप मिळाली तर मिळाली. व्हिसाची अट अशी की कॉलेज चालू असताना आठवड्याला वीसच तास काम करायचं. त्यापेक्षा जास्त काम केल्याचं सिद्ध झालं की तेव्हा व्हिसा रद्द, विषय संपला. आणि तेवढ्या तासांत भागत नव्हतं, हे त्या पोरांना ठाऊक होतं, त्यांना कामावर ठेवणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

वेरिबीत एका थाई बाईंचं छोटं रेस्टॉरंट होतं. पन्नाशीच्या, बुटक्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्याकडे एक तीनचाकी होती. थायलंडच्या दक्षिणेला त्रांग नावाचं गाव आहे, तिथली ही टुकटुक. आपण सिनेमात बघतो तशी नव्हे. हिचं नाक पुढे आलेलं, त्यावर दोन बटबटीत दिवे, पुढे एकच चाक, आणि रंग हिरवागार. तिथले लोक तिला बेडूकतोंडीच म्हणतात. बाईंच्या वडिलांनी ती त्रांगच्या रेल्वे स्टेशनवर आयुष्यभर चालवली. ते गेल्यावर बाईंनी ती बोटीतून इकडे आणली. रविवारी रेस्टॉरंटसमोर उभी करायच्या, एरवी मागच्या शेडमध्ये कुलपात.

एका गुरुवारी दुपारी, जेवणाची वेळ संपून रेस्टॉरंट बंद असताना, शेडचं कुलूप कापून कुणीतरी बेडूक पळवला.

पंचनामा मी केला. जमिनीवर तेलाचे डाग होते आणि गाडी ढकलत नेल्याच्या खुणा होत्या. बाई शांतपणे उत्तरं देत होत्या. शेवटी मी विचारलं, "गाडीची अंदाजे किंमत?" तेव्हा मात्र त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "तुमच्या वडिलांची किती?" रकाना मी तसाच रिकामा सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनला खबर आली. रेस्टॉरंटसमोरच्या घरातल्या आजींचा फोन. गेल्या रविवारी त्यांनी खिडकीतून एक भारतीय मुलगा पाहिला होता. तो त्या गाडीचे वाकून वाकून फोटो काढत होता. मग इकडेतिकडे बघून त्याने खिशातून काहीतरी काढलं आणि गाडीच्या नाकावर लाल रंगाने नाझींचं चिन्ह काढलं. आजींचे वडील दुसऱ्या महायुद्धात मारले गेले होते.

आमचा सार्जंट उंचापुरा, रोखठोक माणूस. तो म्हणाला, "आधी धमकी, मग चोरी. वंशद्वेषाचं प्रकरण आहे मेट, वर कळवावं लागेल."

मी कॅलेंडर पाहिलं आणि कपाळावर हात मारला. गेला रविवार म्हणजे दसरा!

घरी फोन करून सौ.ला आमच्या नव्या गाडीच्या पूजेचा फोटो पाठवायला सांगितलं. तो सार्जंटला दाखवला. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू आणि शेजारी वर्दीत मी. तो बराच वेळ फोटोकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिला. "हे तू तुझ्या स्वतःच्या गाडीला करतोस?" मी म्हणालो, "दरवर्षी. म्हणून तर अजून कुणाला धडकलो नाही." तो हसला, पण लगेच म्हणाला, "द्वेषाचा मुद्दा सोडला. चोरीचा कसा सोडू? तो मुलगा गाडीभोवती घुटमळत होता, हे तर खरं ना?"

खरं होतं. मुलगा त्याच दुपारी सापडला. इचलकरंजीचा, गाड्या दुरुस्तीचा कोर्स करणारा, काडीसारखा बारीक. फोन तपासासाठी ताब्यात घेतला. त्यात मित्रांचे फोटो औषधालाही नव्हते. सगळ्या गाड्या. जुन्या लाकडी बॉडीच्या, तीनचाकी, फुगीर, चपट्या. आणि त्या बेडकाचे तर सर्व बाजूंनी.

इथे कामाची पद्धत सांगतो. चौकशी टेपवर होते. आधी हक्क वाचून दाखवायचे, वकील हवा का विचारायचं. मी मराठी असलो तरी तपास माझाच, म्हणून मला दुभाष्या होता येत नाही. दुभाष्या बाहेरचा लागतो. त्या दिवशी दुभाष्या मिळाला नाही, म्हणून प्राथमिक विचारपूस इंग्रजीतच झाली.

"गाडीवर चिन्ह तू काढलंस?"

"येस सर." लगेच कबूल.

"का?"

तो गोंधळला. इंग्रजीत दसरा सांगायचा कसा? मग म्हणाला, त्याच्या मामाची गावाकडे सहा सीटांची रिक्षा होती. पुढे निमुळतं नाक असलेली, जिला आपल्याकडे डुक्कर रिक्षा म्हणतात तीच. दसऱ्याला ती धुऊन तिची पूजा करायचं काम या पोराकडे असायचं. मामा वारला, रिक्षा भंगारात गेली. इथे दसऱ्याच्या दिवशी गाड्या धुवायच्या शिफ्टला जाताना त्याला हा बेडूक दिसला आणि राहवलं नाही. "सर, इट वॉज स्टँडिंग विदाउट पूजा," तो म्हणाला. सार्जंटने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तिकडे डुक्कर आणि इकडे बेडूक. पोराच्या नशिबात सरळ नावाची गाडी नव्हती, एवढंच मनात आलं.

"गुरुवारी दुपारी कुठे होतास?"

इथे पोरगं अडखळलं. "घरी."

"कोण होतं सोबत?"

"एकटा."

इतकी वर्षं खोटं ऐकून कान तयार झालेले असतात. खोटं बोलणारा माणूस साधारण जास्त बोलतो. हा एका शब्दात थांबला, म्हणजे खोटं बोलायची सवय नसलेला. त्याचे हात टेबलावर होते. बोटांची कातडी पांढरी पडून सोललेली. साबणाच्या पाण्यात तासन्‌तास हात घालणाऱ्याचे हात ते.

आम्ही त्याच्या घरी गेलो. घरातला पंजाबी मित्र दार उघडून आधी पटकन बोलून गेला, "वो तो काम पे था," आणि माझा चेहरा बघून घाईने म्हणाला, "नहीं नहीं सरजी, घर पे था, घर पे!" बस्स, सगळा उलगडा झाला. पोरगं गुरुवारी गाड्या धुवायच्या कामावर होतं आणि वीस तास केव्हाच संपले होते. चोरी केली नाही हे सिद्ध करायचं तर जास्त काम केल्याचं कबूल करायचं. इकडे आड, तिकडे विहीर!

मी सार्जंटला सरळ सांगितलं, "तो कामावर होता, असा माझा अंदाज आहे."

"मग त्याने तसं सांगावं. आपण इमिग्रेशनवाले नाही मेट. पण टेपवर जे येतं ते टेपवर राहतं, ते मला पुसता येत नाही. सोमवारी दुभाष्या येतोय. तेव्हा विचारू. दुसरा कुणी सापडला नाही, तर या मुलावरच येणार."

त्याचं काही चुकत नव्हतं. पोराला मी बाहेर सोडताना एवढंच म्हणालो, "सोमवारी खरं सांग." तो मराठीत पुटपुटला, "खरं सांगितलं तरी जाणार सर, खोटं सांगितलं तरी जाणार." आणि मान खाली घालून रेल्वे स्टेशनकडे चालत गेला. मला त्या रात्री जेवण गेलं नाही, हे कबूल करतो. सौ. म्हणाली, "तुम्ही पोलीस आहात की त्याचे काका?" मी म्हणालो, "आधी गाडी शोधतो, मग ठरवू."

शनिवारी थाई बाईंकडे गेलो. ज्याने लाल खूण केली तो मुलगा सापडला, पण चोरीबद्दल अजून काही सिद्ध झालेलं नाही, असं सांगितलं. बाई एकदम तडकल्या. मी त्यांचा आवाज चढलेला प्रथमच ऐकला.

"ज्याने टिळा लावला त्यालाच धरलंत? मी तो टिळा पुसला नव्हता! त्याने वाहिलेली फुलंही तशीच ठेवली होती."

मग त्या आतून एक जुना अल्बम घेऊन आल्या. त्रांग स्टेशनबाहेर ओळीने उभे असलेले रंगीत बेडूक. एकाच्या पायरीवर त्यांचे वडील, उघड्या अंगाने दिव्यांची पितळी कड घासतायत. त्यांच्याकडेही नवी गाडी घेतली की भिक्खू येतात, गाडीच्या आत चालकाच्या डोक्यावर छताला पांढऱ्या लेपाचे ठिपके लावतात, मंत्र म्हणतात. आरशाला फुलांची माळ, पुढे रंगीत कापडाच्या पट्ट्या. मी फोटो बघत गेलो आणि थक्क होत गेलो. आपण समजतो, गाडीला हळदकुंकू लावणारे जगात आपणच एकटे. छे! इतक्या लांब, वेगळी भाषा, वेगळा धर्म, आणि लोखंडाला हात जोडायची रीत तीच.

बाईंनी बरंच दाखवलं. रंगवलेल्या लाकडी बसगाड्या, देवळांची नक्षी अंगावर मिरवणारे ट्रक, घराच्या ओट्यावर मुलासारखी जपलेली छोटी जुनी मोटार. सुट्टीच्या दिवशी माणसं कॅमेरे घेऊन गावोगाव अशा गाड्या हुडकत फिरतात म्हणे. मालकही कौतुकाने दार उघडून दाखवतो, पाणी विचारतो. निवृत्तीनंतर मी आणि सौ. त्रांगला जाऊन आलो. स्टेशनबाहेर ते बेडूक खरोखरच उभे होते. सौ. एकाच्या नाकाला हात लावून नमस्कार करून मोकळी झाली आणि चालकाने तिला उलट नमस्कार केला. असो, विषयांतर झालं.

"अशा गाड्या हुडकणारी माणसं इथेही आहेत का?" मी विचारलं.

"उद्या सकाळी समुद्राजवळच्या कारपार्कमध्ये भेटतात. मी जायचे बेडूक घेऊन. तो मुलगाही तिथे यायचा, लांब उभा राहायचा."

रविवारी सकाळी बाईंना घेऊन तिथे गेलो. वारा भणाणत होता. चकाकणाऱ्या जुन्या गाड्या आणि त्यांच्याभोवती नाना प्रकारची माणसं. एक निवृत्त ट्रामचालक, एक नर्स, एक शेतकरी, दोन चिनी विद्यार्थी, एक वकील. मी ओळखपत्र दाखवलं, चोरी झालेल्या बेडकाचा फोटो फिरवला. म्हणालो, "हिरव्या रंगाची आहे."

ट्रामचालक आजोबा वैतागले. "रंग कशाला सांगतोस? चोर पहिला रंगच बदलतो. आकार दाखव."

मग मला त्यांच्या एका खेळाबद्दल कळलं. रस्त्याने कुठे ताडपत्रीने झाकलेली गाडी दिसली की फोटो काढायचा आणि गटात पाठवायचा. आतली गाडी कोणती ते बाकीच्यांनी नुसत्या घड्यांवरून ओळखायचं! पोलिसात इतकी वर्षं काढली, पण झाकलेल्या गाडीकडे मी कधी दुसऱ्यांदा पाहिलं नव्हतं. आणि ही माणसं कापडाच्या चुण्यांवरून गाडीचं कूळ सांगत होती. सांगतो, माझं तोंड उघडंच राहिलं.

नर्स म्हणाली, "आमच्यात या आठवड्यात एका फोटोवरून भांडण चाललंय. कुणी म्हणतं जुनी जर्मन तीनचाकी, कुणी म्हणतं शेतातलं यंत्र." गुरुवारी दुपारी कामावरून परतताना हायवेवर तिच्या पुढे एक ट्रेलर होता, त्यावर ताडपत्रीखाली काहीतरी. सिग्नलला थांबल्यावर तिने फोटो घेतला होता.

तिने फोन पुढे केला. मला एक निळी ताडपत्री दिसली, दुसरं काही नाही. आठदहा जण माना वाकवून बघत होते. थाई बाईंनी फोन हातात घेतला. वाऱ्याने ताडपत्री आतल्या वस्तूला घट्ट चिकटली होती आणि पुढच्या बाजूला दोन फुगवटे उठले होते. डावा फुगवटा उजव्यापेक्षा जरासा खाली.

बाईंनी त्या डाव्या फुगवट्यावर बोट ठेवलं आणि त्या एकच शब्द बोलल्या. त्यांच्या भाषेतला होता, पण मला कळला. बाबा.

नंतर सांगितलं, त्यांच्या लहानपणी एका म्हशीने धडक दिली आणि डावा दिवा खाली वाकला. वडिलांनी तो कधी सरळ केला नाही. म्हणायचे, राहू दे, एका डोळ्याने रस्ता बघेल, दुसऱ्याने गिऱ्हाईक.

ते वकीलसाहेब पाठ फिरवून चष्मा पुसायला लागले. माझ्या अंगावर काटा आला होता. खून पाहिलेत, अपघात पाहिलेत, तेव्हा आला नव्हता. एवढ्याशा फुगवट्यावरून लेकीने बापाला ओळखलं होतं.

फोटोत ट्रेलरची नंबरप्लेट स्वच्छ दिसत होती. नंबर वाचून ट्रामचालक आजोबांनी इकडेतिकडे पाहिलं. "हा ट्रेलर मी ओळखतो. दर रविवारी इथे येतो. आज आला नाही." ट्रेलरचा मालक चांगला सुखवस्तू गृहस्थ, घरी जुन्या गाड्यांचा संग्रह. बाईंकडे त्याने बेडूक विकत मागितला होता, पण तसा तो कितीतरी जणांनी मागितला होता.

पुढचं काम नेहमीचं. सार्जंटला फोन, मॅजिस्ट्रेटकडून सर्च वॉरंट, आणि त्याच दुपारी आम्ही गावाबाहेरच्या त्याच्या शेडवर. आत एक तीनचाकी उभी होती, राखाडी रंगाची, रंग अजून ओला. चासिसचा नंबर घासून टाकलेला. गृहस्थ शांतपणे म्हणाला, "ही मी परदेशातून मागवली आहे. कागद येतायत."

मी बाईंनी सांगितलं होतं तसा चालकाच्या जागेवर बसलो, मान वर केली आणि टॉर्च मारला. छताला आतून पांढऱ्या ठिपक्यांचा त्रिकोण होता. त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा, फिकट होत गेलेले. जितक्या वेळा भिक्खूंनी आशीर्वाद दिला तितके थर. हुबेहूब बाईंच्या अल्बममधल्या फोटोसारखे. बाहेरून आख्खी गाडी रंगवली, पण बसून वर बघायचं त्या माणसाला सुचलं नव्हतं.

"सार्जंट," मी हाक मारली, "आत येऊन बसा जरा." तो उंच माणूस गुडघे दुमडून कसाबसा आत आला. वर पाहिलं, आणि नकळत डोक्यावरची टोपी काढली. मग बाहेर येऊन त्याने त्या गृहस्थाला हक्क वाचून दाखवले. संध्याकाळपर्यंत जबाब झाला. गृहस्थाने सगळं कबूल केलं. म्हणाला, बाईंना त्या गाडीची कदर नव्हती, रेस्टॉरंटबाहेर उन्हात उभी करायच्या. ऐकून मला हसावं की रडावं कळेना.

त्या मुलाला कळवायचं होतं, पण त्याचा फोन आमच्याच कपाटात होता. निरोप द्यायला सोमवारी सकाळी निघणार, तर तोच स्टेशनच्या दारात हजर. इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले आणि हातात मोठी बॅग. दुभाष्याची वाट न बघता थेट माझ्यासमोर उभा राहिला आणि पाठ केल्यासारखं मराठीत बोलायला लागला.

"सर, मला काही सांगायचंय, लिहून घ्या. मी गुरुवारी दुपारी—"

"थांब," मी म्हणालो. तो थांबेना.

"नाही सर, बोलू द्या. बॅग भरून आणलीय. घरी पण सांगितलंय, परत येतोय म्हणून. व्हिसा जाऊ दे. पण त्या बाईंना वाटेल की मी पूजा केली आणि मीच उचलली. तसं नको सर. कुणी तसं करतं का?"

तेवढ्यात सार्जंट पुढे आला. त्याला मराठीचा एक शब्द कळला नव्हता, पण बॅग दिसत होती. "त्याला सांग," तो म्हणाला, "तो आता संशयित नाही. तो कुठे होता हे मला जाणून घ्यायची गरज नाही, म्हणून मी विचारणार नाही."

मी मराठीत सांगितलं. "गाडी सापडली. चोर पकडला. तुला काहीही सांगायचं नाहीये. बॅग उचल आणि कॉलेजला जा."

तो खुर्चीत मटकन बसला. आता रडेल, पाया पडेल, देवाचं नाव घेईल, असं मला वाटलं. त्याने वर पाहिलं आणि विचारलं, "गाडीला काही केलं नाही ना त्यांनी?"

"राखाडी रंग फासलाय."

"राखाडी?" त्याचा चेहरा असा पडला की जणू व्हिसा आत्ताच रद्द झाला. "राखाडी! अहो सर, ती हिरवी होती!"

त्या टेबलासमोर शेकडो माणसं बसून गेली. निर्दोष सुटलेलीही खूप पाहिली. प्रत्येकाने पहिला प्रश्न स्वतःबद्दलच विचारला, आणि त्यात गैर काही नाही. मीही तेच विचारलं असतं. पण ज्याचं सगळं आयुष्य पणाला लागलं होतं, त्याला सुटल्यावर दुसऱ्याच्या गाडीचा रंग आठवावा, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही पाहिलं नाही. माणूस कुठे होता, कुणाबरोबर होता, खोटं कुठे बोलला, हे शोधायला खात्याने मला शिकवलं आणि ते मला बऱ्यापैकी जमलं. माणसाचा जीव कशात अडकलाय, हे आधी बघायचं असतं, हे मात्र मला त्या पोराने शिकवलं. मी त्याला सलाम ठोकला. वर्दीत होतो, टोपीही डोक्यावर होती, त्यामुळे तो रीतसर झाला.